तलावाला इंग्रजीत काय म्हणायचे?

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीचा ठराव इंग्रजीत करायला घ्या. ठराव तसा साधाच असतो : मामा तलावातला गाळ काढावा, तुडूम-सलांगेची दुरुस्ती करावी, पाळीवरची झुडपे तोडावीत. 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. लेखणी अडते ती पुढच्याच शब्दाशी. कोशात तलावापुढे टँक, लेक, पाँड, रिझर्व्हायर, पूल असे शब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत बसवलेले असतात, जणू कोणताही उचलला तरी चालेल. बहुतेक जण त्यातला पहिला उचलतात. ज्यांना जरा बरे लिहायचे असते, ते सर्वांत भारदस्त दिसणारा उचलतात. चुकण्याची शक्यता दोघांचीही सारखीच.

हे पुस्तक त्या स्वल्पविरामांविषयी आहे.

जवळजवळच्या अर्थांचे इंग्रजी शब्द वेगळे करून दाखवणारी पुस्तके जुनी आहेत. हेस्टर पिओझी या विदुषीचे 'ब्रिटिश सिनॉनिमी' १७९४ मध्ये निघाले, जॉर्ज क्रॅबचे १८१६ मध्ये. १८५२ मध्ये पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांचा थिसॉरस आला आणि आजही तो खपतो. पण रॉजेने शब्दांची कुटुंबे लावून दिली, कुटुंबातली भांडणे मिटवली नाहीत. ते त्याचे कामही नव्हते. ज्यांची मायबोली इंग्रजी आहे त्यांना जिभेवर येऊन अडकलेला शब्द सापडावा, एवढाच त्याचा हेतू होता. आपली अडचण उलटी आहे. शब्द पाच सापडतात, त्यांतला नेमका कोणता ते कळत नाही. शिवाय त्या पुस्तकांतली उदाहरणे त्यांच्या मुलखाची. साकोली-लाखांदूरच्या माणसाला धान, तलाव, जंगल, धरण आणि रेती यांच्यावाचून इंग्रजीचे काम पडत नाही. तेव्हा या संग्रहातल्या नोंदीही त्याच वस्तूंभोवती लावल्या आहेत.

तलावाचेच आधी पाहू. लेक म्हटले की इंग्रजी वाचकाच्या मनात येते ते बहुधा निसर्गाने केलेले मोठे पाणी. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली तळी हिमनद्यांनी कोरून काढलेली आहेत. आपल्याकडचे तलाव कोणी कोरले? कोहळी समाजातल्या जाणकारांनी गोंड राजवटीपासून पिढ्यान्‌पिढ्या जमिनीचा उतार पाहून पाळी घातल्या, धानाच्या बांधीला पाणी सोडायला तुडूम ठेवले, जादा पाणी निघून जावे म्हणून सलांग ठेवली. तलावाखालच्या पाण्याच्या पाळ्या ठरवण्याची रीतही त्यांनीच बसवली. म्हणजे ही वस्तू बांधलेली आहे, आणि बांधली ती धानासाठी. अशा तलावाला लेक म्हटले की बांधणारा माणूस त्या वाक्यातून नाहीसा होतो. पाँड म्हटले तर पाण्याचा पसारा उगाच आखडतो. शेतातल्या लहानशा बोडीला मात्र पाँड अगदी नेमका बसतो. रिझर्व्हायर हा पाटबंधारे खात्याचा शब्द. धरणामागे अडवलेल्या पाण्याला तो शोभतो, गावातल्या दोन पाळींमधल्या पाण्याला जड होतो.

उरतो टँक. इंग्रज अंमलदारांनी इथे हाच शब्द वापरला, १९०८ च्या जिल्हा गॅझेटिअरच्या काळात तोच चालत होता आणि आजही सरकारी इंग्रजीत तोच चालतो. तो मुळात आपल्याच बाजूचा असावा. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात त्याच्या उगमाची चर्चा आहे : एक धागा गुजराती-मराठी टांक्याकडे जातो, दुसरा पोर्तुगिजांकडे. पुढे १९१५ च्या अखेरीस इंग्रजांनी नव्या लढाऊ गाड्यांचे काम गुप्त राहावे म्हणून त्यांना पाण्याच्या टाक्यांचे नाव दिले आणि जगभर टँक म्हणजे रणगाडा झाला. त्यामुळे लंडनमधल्या देणगीदार संस्थेला पाठवायच्या अर्जात नुसते टँक लिहिले, तर तुम्ही रणगाड्यातला गाळ काढायला पैसे मागता आहात की काय, असा प्रश्न तिला पडू शकतो. माझे मत असे की पहिल्या उल्लेखात 'इरिगेशन टँक' लिहावे, एका वाक्यात पाळ आणि तुडूम समजावून सांगावे आणि पुढे खुशाल टँक म्हणावे. पर्यटनाच्या पत्रकात लेक राहू द्या. तिथे कोणी तुडूम शोधायला येत नाही.

मालगुजार हाही असाच शब्द. शब्दशः तो सारा भरणारा. लँडलॉर्ड म्हटले की इंग्रजी वाचकाला भाडे वसूल करणारा घरमालक दिसतो. लँडओनर म्हटले तर नुसता जमीनवाला उरतो, गावाच्या वतीने सरकारात सारा भरण्याची त्याची जबाबदारी गळून पडते. १९५० च्या कायद्याने ही पद्धत संपवली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, आणि त्या कायद्याच्या इंग्रजी नावात 'प्रोप्रायटरी राइट्स' असे शब्द आहेत. म्हणून जुन्या कागदांचे भाषांतर करताना प्रोप्रायटर हा शब्द सगळ्यांत सुरक्षित. दुकानाच्या पाटीवरचा प्रोप्रायटर मनात आणू नका म्हणजे झाले.

इथे कोणी विचारील की इंग्रजीत एकाच वस्तूला इतके शब्द आले कुठून. उत्तर थोडक्यात देता येते. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्यांचे राज्य आले, त्यानंतर विद्वानांनी लॅटिन आणले, आणि खालची इंग्रजी मुळे तशीच राहिली. म्हणून विचारणे साध्या माणसाचे आस्क, वर्गातले क्वेश्चन आणि पोलीस ठाण्यातले इंटरॉगेट. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. घर, गृह आणि मकान यांतला फरक आपल्याला कोणी शिकवलेला नाही, तरी 'गृह बांधायला काढले' असे आपण म्हणत नाही. तो कान आपल्यापाशी आहे. इंग्रजीपुढे उभे राहिले की तो बंद पडतो, कारण तिथे आपण वस्तूकडे पाठ फिरवून कोशाकडे पाहू लागतो.

आता धान. हा विषय निघाला की भंडाऱ्याच्या माणसाने इंग्रजीपुढे वाकायचे कारण नाही, कारण इथे आपलीच भाषा श्रीमंत आहे. उभे पीक आणि टरफलासकट दाणा तो धान, सडल्यावर तांदूळ, शिजल्यावर भात. कोकणात उभ्या पिकालाही भात म्हणतात, इथे तसे म्हणत नाहीत. इंग्रजीचा राइस तिन्ही जागी फिरतो. मलाय भाषेतून आलेला पॅडी फक्त टरफल असेपर्यंतचा. हा फरक पैशाचा आहे. आधारभूत किंमत जाहीर होते ती पॅडीची, आणि खरेदी केंद्रावर मोजले जाते तेही धान. राइस मिलमध्ये ते भरडल्यावर तांदूळ, कनकी, कोंडा आणि टरफल असे वेगवेगळे निघते आणि प्रत्येकाचा भाव निराळा असतो. एखाद्या निवेदनात 'राइस प्रोक्युअरमेंट'चे भाव पॅडीच्या जागी टाकले, तर मागणी भलत्याच मालाची होते. कोंडा म्हणजे ब्रॅन, टरफल म्हणजे हस्क, तणस म्हणजे स्ट्रॉ, आणि उफणताना उडते ते चाफ. ही चार नावे एकमेकांच्या जागी कधीही घालू नयेत. ब्रॅनमधून तेल निघते, हस्क भट्टीत जळते, स्ट्रॉ गुरे खातात.

रोवणीच्या नोंदीवरही थोडे थांबावे लागेल. पऱ्ह्यांना सॅपलिंग म्हणण्याची चूक मुलांच्या उत्तरपत्रिकांत फार दिसते, कारण वृक्षारोपणाच्या बातम्यांत तो शब्द त्यांनी वाचलेला असतो. सॅपलिंग हे झाडाचे रोप, ज्याचा पुढे बुंधा होणार. पऱ्हे म्हणजे सीडलिंग. बी फेकून पेरणे म्हणजे आपला आवत्या, त्याला ब्रॉडकास्टिंग म्हणायचे. आणि आकाशवाणीने हा शब्द शेतकऱ्याकडून उसना घेतला आहे, शेतकऱ्याने आकाशवाणीकडून नव्हे. पऱ्हे उपटून चिखलात लावणे म्हणजे ट्रान्सप्लांटिंग. नुसते प्लांटिंग लिहिले की कष्टाचा मधला अर्धा भाग, उपटून वाहून नेण्याचा, कागदावरून पुसला जातो. मजुरीच्या हिशोबात तो पुसला गेलेला बायकांना चालत नाही.

सर्वांत मोठी नोंद जंगलाची आहे आणि ती तशी असायलाच हवी. या जिल्ह्यात एका इंग्रजी शब्दाचा अर्थ काय, यावर हजारो लोकांच्या घरांचे, शाळांचे आणि रस्त्यांचे भवितव्य खरोखर टांगून राहिले होते. पूर्व विदर्भाच्या महसुली कागदांत 'झुडपी जंगल' अशी एक नोंद असते. गावालगतची, हलकी, झुडपे उगवलेली, गुरे चारायची आणि सरपण-काटक्यांसारख्या गरजा भागवायची, म्हणजे निस्ताराची, जमीन. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून अशी सुमारे ८६,००० हेक्टर जमीन होती. तिच्यावर हळूहळू वस्त्या झाल्या, कचेऱ्या झाल्या, स्मशाने होतीच. मग १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९८० च्या वनसंवर्धन कायद्यातला फॉरेस्ट हा शब्द कोशातल्या अर्थाने घ्यायचा, जमीन कोणाच्याही मालकीची असो. ज्यांना कोश ही परीक्षेपुरती वस्तू वाटते त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

झाले काय, की झुडपी जंगलाच्या इंग्रजी नावाकडे साऱ्यांचे डोळे लागले. स्क्रब लँड म्हटले तर ती जमीन. स्क्रब फॉरेस्ट म्हटले तर ते वन. बुश म्हटले तर दोन्ही नाही. महसूल खात्याचा कल एका शब्दाकडे, वन खात्याचा दुसऱ्याकडे, आणि शब्द मात्र एकाच वस्तूचे. २२ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने निकाल दिला की १९९६ च्या आदेशानुसार ही जमीन वनजमीनच धरावी; त्याआधी वाटप झालेल्या जमिनींसाठी वनांच्या यादीतून वगळण्याची वाट मोकळी ठेवली. भाषांतरकाराच्या नजरेने पाहिले तर त्या प्रकरणात मला एक गोष्ट फार आवडली. न्यायालयाने स्क्रबही घेतला नाही आणि बुशही नाही. प्रकरणाच्या नावातच 'झुडपी जंगल' हे शब्द जसेच्या तसे ठेवले आणि त्यांचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगितला.

या गोष्टीला आणखी एक पीळ आहे. इंग्रजीतला जंगल हा शब्द आपल्याकडून गेला. संस्कृतातला जांगल म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झाडांचा प्रदेश. चरकसंहितेत जांगल देश हा पाणथळ अशा आनूप देशाच्या उलट. इंग्रजांच्या हाती तो शब्द घनदाट झाला, वेलींनी भरला. १८९४ च्या किपलिंगच्या 'जंगल बुक'ने त्यावर शिक्काच मारला. त्या पुस्तकातली वेनगंगा म्हणजे शिवनीकडून वाहत येणारी, भंडाऱ्याच्या उशाशी असणारी आपलीच वैनगंगा. आता गंमत पाहा. चरकाच्या हिशोबाने तलावांचा हा जिल्हा आनूप ठरावा आणि त्यातला झुडपांचा माळच तेवढा खरा जांगल. किपलिंगच्या हिशोबाने नेमका तोच माळ जंगल नव्हे. म्हणून नोंदीत लिहिले आहे : कायद्याच्या कागदात फॉरेस्ट, गोष्टीत जंगल, फिरायला जाण्यासारख्या लहानशा राईला वुड. आणि झुडपी जंगलाला झुडपी जंगलच.

कोका आणि उमरेड-कऱ्हांडला ही सँक्च्युअरी, नवेगाव-नागझिरा हा टायगर रिझर्व्ह, हेही गडबडीत एकमेकांच्या जागी पडतात. ते कायद्याचे दर्जे आहेत, कौतुकाची विशेषणे नव्हेत. पाखरांचेही तसेच : सारस हा क्रेन. त्याला स्टॉर्क म्हणू नये, तो करकोचा. हेरन म्हणजे बगळा.

गोसीखुर्दकडे वळल्यावर हसायला जागा उरत नाही. पवनी तालुक्यातल्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, आणि तेव्हापासून जिल्ह्यातून निघालेल्या इंग्रजी अर्ज-निवेदनांत सर्वाधिक घोळ झाला असेल तो तीन जोड्यांचा. पहिली फ्लड आणि सबमर्जन्स. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला, घरे पाण्यात गेली. तो फ्लड, पाणी चढले आणि उतरले. धरणाच्या बुडीतात गेलेले शेत हे सबमर्जन्स. ते पाणी उतरायचे नाही. पूरग्रस्ताला मदत मिळते, बुडीतग्रस्ताला मोबदला. अर्जात शब्द उलटा पडला की अर्ज भलत्या टेबलावर जातो. दुसरी जोडी अफेक्टेड आणि डिस्प्लेस्ड. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्यात या दोन कुटुंबांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिल्या आहेत. शेत गेले पण घर राहिले, ते कुटुंब अफेक्टेड. ज्याला उठून दुसरीकडे जावे लागले ते डिस्प्लेस्ड. प्रत्येक डिस्प्लेस्ड कुटुंब अफेक्टेड असते, प्रत्येक अफेक्टेड डिस्प्लेस्ड नसते. मराठीत आपण सरसकट प्रकल्पग्रस्त म्हणतो आणि सभेत ते बरोबरही आहे, कारण तिथे सगळ्यांना एका मांडवाखाली आणायचे असते.

तिसरी जोडी रिहॅबिलिटेशन आणि रिसेटलमेंट. आपल्या तोंडी दोन्हींना पुनर्वसन. कायद्याच्या मराठी नावात मात्र 'पुनर्वसन व पुनर्वसाहत' असे दोन शब्द आहेत. तिथे भाषांतर करणाऱ्याने डोके वापरले, एवढे मान्य करायला हवे. प्लॉट, रस्ता, विहीर, शाळा मिळाली म्हणजे रिसेटलमेंट झाली. पोट भरण्याचे साधन पुन्हा उभे राहिले तर रिहॅबिलिटेशन. वसाहत होऊन वीस वर्षे झालेल्या गावातला माणूस अजून पुनर्वसन झाले नाही म्हणतो तेव्हा तो चुकीचे बोलत नसतो. पण त्याचे वाक्य इंग्रजीत नेताना रिसेटलमेंट हा शब्द टाकला, की तो खोटे बोलतो असे दिसू लागते.

बाकीच्या नोंदी वाचक स्वतः चाळील. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीज निघते. एक भूमिगत, दुसरी उघडी, पण दोन्ही माइनच. क्वारी म्हणायचे ते गिट्टी-मुरमाच्या खदानीला. पवनीच्या जगन्नाथ टेकडीला हिल म्हणू नये. १९६९-७० मध्ये तिथे उत्खनन झाले तेव्हा आत स्तूप निघाला. माणसाच्या हातून उभा राहिलेला असा उंचवटा म्हणजे माउंड. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांना ब्रास म्हणावे, ब्राँझ नव्हे : तांब्यात जस्त मिसळले की पितळ, कथील मिसळले की कासे. जुन्या मूर्तीबद्दल खात्री नसेल तर संग्रहालयवाले 'कॉपर अलॉय' लिहून मोकळे होतात, तसे आपणही व्हावे. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीमुळे स्फोटकांचे शब्दही घेतले आहेत, पण त्या नोंदी मुद्दाम आखूड ठेवल्या.

या कामात जुन्या कोशांचा आधार किती घ्यायचा, हा प्रश्न होता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याने आणि कँडीने केलेला इंग्रजी-मराठी १८४७ चा. दोन्ही मुंबई सरकारच्या मुलखात तयार झाले. त्या वेळी भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. पुढे १९५६ पर्यंत ते मुंबईच्या कारभारात आलेच नाही. त्यामुळे मोल्सवर्थपुढे हात जोडूनही त्याच्याकडून सलांग किंवा तुडूम यांची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. या बाजूच्या शब्दांसाठी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा कोश केला, आणि इथल्या बोलीवर काम करणारा कोणीही त्यांच्या ऋणात आहे. त्यांनी शब्द मराठीत आणून ठेवले म्हणून पुढचा पल्ला गाठायचे धाडस होते.

काही शब्दांना इंग्रजी जोडीदार दिलाच नाही. निस्तार, तुडूम, बोडी, दंडार, मंडई हे तसेच ठेवले आहेत आणि प्रत्येकापुढे दोन-तीन वाक्यांत अर्थ दिला आहे. यांतल्या मंडईबद्दल वाद बराच झाला. पुण्याच्या माणसाला मंडई म्हणजे भाजीबाजार, तेव्हा मार्केट हा शब्द बाद. दिवाळीनंतर गावोगाव आपापल्या दिवशी मंडई भरते. दिवसा दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे, सोयरिकीच्या गोष्टी. फेस्टिव्हल फार सैल पडतो. फेटला चर्चच्या आवारातल्या केक-पुडिंगचा वास येतो. फेअर सर्वांत जवळचा, म्हणून 'मंडई' लिहून पुढे 'व्हिलेज फेअर' असे समजुतीपुरते दिले आहे. कोणी त्याला 'पोस्ट-हार्वेस्ट' हे विशेषण जोडायची सूचना केली होती. ती घेतली नाही. मंडई भरते तेव्हा हलके धान निघालेले असते, पण भारी धान अजून बांधीत उभेच असते.